झाकलेला पळस

बोटाच्या पेराएवढी काचेची बाटली, काळं झाकण, आणि तळाशी चिमूटभर पिवळं — हळदीइतकं धीट नाही, मधमाशीच्या पायाला चिकटून येतं तसलं — तळहातावर बाटली कलंडली की ते पिवळं एका अंगाला सरकायचं, काचेवर त्याची पुसट धूळ मागं राहायची, आणि ती धूळ खाली झरेपर्यंत दैवशाला बघत बसायची. रोज नाही. कधीमधी, घरात कुणी नसताना, रांजणामागच्या गारव्यातून फडक्याची घडी काढून. आज मात्र घरात सगळे होते, भाचा कल्याण न्हाणीत, त्याची बायको शीतल गॅसपाशी, आणि तिनं ती घडी सगळ्यांच्या देखत उलगडली.

‘अंधारात ठिव, आत्या. गारव्यात. उजेडानं मरतं ते,’ असं प्रियदर्शनी म्हणाली होती. कल्याणची धाकटी बहीण. जालन्याच्या कॉलेजात, प्रयोगशाळेत संशोधन करते. दिवाळीला आली तेव्हा तिनं ही बाटली दोन्ही हातांनी दिली होती, प्रसाद द्यावा तशी. ‘तुझ्या पळसाचं हाय. टोपलीभर कळ्यातून एवढुसंच निघतं. फ्लॅव्होनॉइड म्हणतेत असल्याला, झाडाचे लई रंग त्याचेच असतेत. याचं नाव ब्युटेइन. पाण्यात विरघळत न्हाई, स्पिरिटात विरघळतं. आन् खाऊ नको बरं का, व्हटालासुदिक लावू नको. हे माणसासाठी न्हाई.’

मंग कुणासाठी, असं दैवशालानं विचारलं होतं.

‘काचेतल्या पेशींसाठी.’

तेव्हा तिला त्यातलं काही कळलं नव्हतं, पण ‘तुझ्या पळसाचं’ एवढं मात्र कळलं होतं. तुझ्या... आयुष्यात तिला कुणी तुझं म्हणून काही दिलेलं दुसऱ्यांदाच होतं. म्हणून तर तिनं ते रांजणामागं ठेवलं, उन्हाळ्यात ओलं फडकं गुंडाळायचं असं मनाशी ठरवलं, आणि आज — आज तिनं ती बाटली उचलून बाहेर आणली, ओट्याच्या कठड्यावर, जिथं सकाळपासून दिवस कलेपर्यंत ऊन हलत नाही अशा जागी उभी केली आणि मागं सरून बघितलं. काचेतून ऊन आरपार गेलं. कठड्यावर पिवळा ठिपका पडला. मर म्हणावं.

‘आत्याबाई, काय वाळू घातलं? एवढुसं?’ शीतल हात पुसत दारात आली होती.

‘मसाला.’

‘कशाचा बाई?’

‘माणसं वळखायचा.’

शीतल हसली. तिला ती गंमत वाटली, आणि वाटू द्यावी हेच बरं. पोर चांगली आहे, दोन पोरांमागं धावता धावता तिला गमतीशिवाय दुसरं काही ऐकू येत नाही. आतून कल्याण ओरडला, ‘दर्शनीचा फोन आल्ता. भोकरदनहून जीपमधी बसली म्हणं. जेवायलाच येती.’ आणि मग ओल्या डोक्यानं बाहेर येऊन, फोन हातात धरून, सोमवारपासून जे सांगत होता तेच पुन्हा सांगायला लागला — की आपला वढा साऱ्या जिल्ह्याच्या फोनमधी फिरून राह्यला, की कुणी एकानं व्हिडिओ टाकलाय, भोकरदन तालुक्यातला दुर्मीळ पिवळा पळस, खाली नकाशाचा टिपका, बराबर आपल्या बांधावर, आन् हे सगळं आपल्या दर्शनीच्या लेखातून त्याला घावलं.

‘आन् आपल्यालाच ठाव न्हाई! आबांनी कधी सांगितलं न्हाई, दादांनी न्हाई. आत्या, तू तर रोज जाती वड्याला. तुला ठाव होता का?’

‘न्हाई.’

‘बघा! नाकाखाली व्हता. लोक येऊन राह्यले, आत्या. फुलला की जत्रा लागल. मी म्हणतो, तिथं रसवंती टाकावी.’

‘आधी गोठ्याचं दार बसवा,’ शीतल म्हणाली, ‘मंग टाका रसवंती.’

दैवशालानं दोघांकडे बघितलं नाही. न्हाई म्हणताना जीभ अडखळली नव्हती. इतक्या वर्षांची सवय. ती शेणाची पाटी घेऊन ओढ्याकडे निघाली.

ओढ्याच्या काठाला पळसाचं बन आहे, दाट नाही, पण गावातल्या बायका पत्रावळीची पानं न्यायला येतील एवढं. फाल्गुन लागून गेलेला. पानं सगळी झडलेली, आणि उघड्या फांद्यांवर केशरी फुलं इतकी की लांबून बघणाऱ्याला वाटावं, कुणी वाळत घातलेली लुगडी काढायची राहून गेली. उकरलेल्यांतल्या तिसऱ्या झाडाच्या बुंध्याशी ती बसली. परवा आलेल्यांनी इथं कुदळ चालवली होती. कोण होते कुणास ठाऊक. पिवळ्या पळसाची मुळी घरात ठेवली की जमिनीतलं धन दिसतं, असलं काहीतरी मानणारे. पण फुलल्याशिवाय पिवळा आणि केशरी पळस सारखाच — तीच तीन पानं, तीच वेडीवाकडी फांदी, तीच काळी कळी — म्हणून त्यांनी अजून न फुललेल्यांत जे जाड, जुनं दिसलं ते खणलं. तीन झाडांच्या मुळ्या उघड्या पडल्या होत्या, सालीचे पट्टे ओढून काढलेले, आणि पळसाचा तो लाल चीक जखमेवर गोठून रक्तासारखा झाला होता. तीनही झाडं केशरी. त्यांचा काही संबंध नव्हता.

ती शेणात माती कालवून जखमा भरत राहिली. मान वळवून त्याच्याकडे बघायचं नाही असं ठरवलेलं होतं. कुणी बघत असलं तर?... तो तिथंच होता, चार झाडं सोडून, ओढ्याच्या वळणात, बुटका, दर वर्षी छाटून छाटून गुडघ्यात मोडल्यासारखा. त्याला कुणी हात लावला नव्हता. त्याला कोण लावेल? गाव त्याला वांझ पळस म्हणतं. कधी फुलत नाही म्हणून.

फुलत नाही... दर वर्षी फुलतो. दर वर्षी फाल्गुनात कळी धरली की तिनं पहाटेचं गवताचं निमित्त करून यायचं, आकडीनं एकेक फांदी खाली ओढायची आणि बुडापासून शेंड्यापर्यंत मूठ फिरवून कळ्या ओरबाडून काढायच्या, ओढ्याच्या रेतीत पुरायच्या. ‘झाकणं’ म्हणायचे तिचे वडील, आबा, याला. आधी तेच झाकायचे. ज्या वर्षी तिचं सासरी जाणं कायमचं थांबलं — जाफराबादकडचं सासर, नवरा गोड, कुणालाही कशालाही हो म्हणणारा. भाऊबीजेला सोडायला आला, आबांना हो म्हणाला, आईला हो म्हणाला, संक्रांतीला न्यायला येतो म्हणाला, आणि तिला तर बसच्या खिडकीतून पुन्हापुन्हा हो, हो, अशी मान हलवत गेला तो परत आलाच नाही — त्या वर्षी आबांनी तिला इथं आणलं. एक कळी नखानं उकलली. आत पिवळं.

‘शेत धर्माचं हाय,’ ते म्हणाले. धर्मा म्हणजे धर्मराज, तिचा भाऊ, कल्याणचा बाप. ‘हे तुझं. कुणाला सांगू नको. सांगितलं की त्याची मुळी ऱ्हात न्हाई.’

बाप लेकीला काय देतो? कुणी डोरलं देतो, कुणी गाय. मला बापानं एक गप्प राहणं दिलं, आणि मी ते सांभाळलं. भाऊ मरेपर्यंत त्याला कळू दिलं नाही. लोक बांधावरून जाताना म्हणायचे, वांझेच्या राखणीला वांझ, आणि हसायचे, फार दुष्टपणानं नव्हे, बोलायला काही नसतं म्हणून — आणि मी आत हसायची. तुम्हांला काय माहीत आहे, असं. मूठभर कळ्या पदराखाली असायच्या, ओल्या, गरम...

एकीलाच सांगितलं, प्रियदर्शनीला. पोर पहिलीत होती तेव्हापासून दैवशालाच्याच कुशीत वाढलेली. अक्षरंसुद्धा दैवशाला तिच्याबरोबरच शिकली, पन्नाशीला टेकल्यावर. म्हणजे पोरच शिकवायची. रंगपंचमीला पोरांच्या न्हाणीसाठी केशरी पळसाची फुलं भिजत घातलेली असायची, त्या पाण्यात काडी बुडवून पोर वहीच्या कागदावर लिहायची. वाळलं की काहीच दिसायचं नाही, फिकट डाग. मग पानाच्या डबीतला चुना पाण्यात कालवून वरून बोट फिरवायचं, आणि दै, व, शा, ला — एकेक अक्षर नारिंगी होऊन वर यायचं. ‘आत्या, हे तू!’ पोर टाळ्या वाजवायची. ते तिच्या डोक्यातून कधी गेलंच नाही. तिकडं शिकायला गेली ती त्याच रंगाच्या मागं. आणि एक दिवस म्हणाली, आत्या, पुस्तकात लिहिलंय, पिवळ्या फुलाचा पळस असतो म्हणे एखादा, लाखात एक. मला मिळाला असता तर दोन्ही रंग शेजारीशेजारी ठेवून बघितले असते.

तेव्हा गप्प राहता आलं असतं. पण समोर ते पहिलीतलं तोंड होतं.

त्या साली ओरबाडलेल्या कळ्या रेतीत न पुरता तिच्या टोपलीत घातल्या होत्या, आणि त्याआधी झाडाच्या खोडावर तिचा हात ठेवून घेतला होता. न्हाई सांगणार. कुणाला? कुणालाच न्हाई, आत्या. तुझी शप्पत.

शेण संपलं. दैवशाला उठली, गुडघे धरून, आणि ओढ्यात हात धुताना तिच्या लक्षात आलं की दातावर दात घट्ट बसलेत, जबडा दुखतोय. रागाला काहीतरी आकार असावा, तसा याला नव्हता. नवऱ्याचा राग आला होता तो कसा सरळ होता, पायवाटेसारखा, जाफराबादला जाणारा. हा कुठं जात नाही, हा इथंच फिरतोय — पोटात, पोरीला भरवलेल्या घासांत, तिच्या केसांतल्या उवा काढलेल्या दुपारींत, जिथं हात घालावा तिथं हा आधीच येऊन बसलेला.

दुपारी प्रियदर्शनी आली. जीपमधून उतरून आली ती धुळीनं भरलेली, पाठीवर पिशवी, हातात भोकरदनच्या भेळीचा पुडा, आणि ओट्याची पायरी चढता चढता तिला कठड्यावरची बाटली दिसली. ती थबकली. पुडा खाली ठेवला. बाटली उचलून तिनं उन्हाकडे धरली, मग मुठीत झाकली.

‘आत्या... उन्हात कामून ठिवली गं?’

दैवशाला शेंगा निवडत होती. मान वर न करता म्हणाली, ‘म्या बाटली ठिवली. तू झाड ठिवलंस.’

आत शीतल ताटं मांडत होती, तिचा हात थांबल्यासारखा आवाज थांबला. कल्याण शेतात गेलेला होता, तेवढं बरं. पोर हळूच समोर बसली, जमिनीवर, शेंगांच्या ढिगापलीकडं. तीही शेंगा निवडायला लागली. हाताला सवय होती.

‘किती झाडं खणली?’

‘तीन.’

‘आपला...?’

‘आपला.’ दैवशालानं तो शब्द शेंगेसारखा फोडला आणि टरफल टाकावं तसा टाकला. ‘त्याला काय व्हतंय. तो वांझ हाय.’

पोरीच्या डोळ्यात पाणी आलं, आणि दैवशालाला ते आवडलं नाही. रडू नये हिनं. हिनं रडलं की माझा हात तिच्या डोक्याकडं जातो, आणि आज तो जायला नको.

‘जागा लिहावी लागती, आत्या,’ ती म्हणाली. ‘म्या काही बी म्हणलं, अमुक फुलात अमुक घावलं, तर कुणी बी उठून म्हणू शकतं, दाखव. त्याला तिथं जाता आलं पाह्यजे, तीच फुलं घेऊन तेच करून बघता आलं पाह्यजे. त्याशिवाय ते खरं मानत न्हाईत. लपवून ठिवलेलं खरं, आमच्यात खरंच न्हाई.’

‘आमच्यात,’ दैवशाला म्हणाली.

‘तसं न्हाई गं...’

‘मंग नुसता तालुका लिहायचा. भोकरदन तालुका. लई मोठा हाय. फिरतील बापडे.’

पोर बोटांनी एक शेंग उगाच उलटीपालटी करत राहिली. आणि मग, खाली बघत, ‘लिहिता आलं असतं. दुर्मीळ झाडाचं तसं लिहितेत लोकं. आमच्या गाईड सुहासिनी मॅडमनी इचारलं, बराबर जागा टाकू ना? आन् मी हो म्हणले.’

‘कामून?’

‘म्हाईत न्हाई. त्यांनी इचारलं आन् म्या हो म्हणले.’

हो म्हणले... दैवशालाला बसची खिडकी दिसली. खिडकीतली मान.

तिनं एकदा ती प्रयोगशाळा बघितली होती. मागच्या साली पोर हौसेनं घेऊन गेली होती. पांढरा कोट, गार हवा, फिनेलचा नव्हे पण तसलाच तिखट वास, आणि टेबलावर तळहाताएवढी पारदर्शक थाळी, तिला डाळीच्या दाण्याएवढे खळगे, ओळीनं. प्रत्येक खळग्यात पेशी आहेत, पोर म्हणाली होती, रोगाच्या, काचेत वाढवलेल्या. त्यांच्यात तुझ्या पळसाचं औषध घातलंय, औषध नव्हे, पदार्थ. आता वरून हा पिवळा रंग टाकायचा. पेशी जिवंत असली तर रंग जांभळा होतो. मेली असली तर पिवळा तो पिवळाच राहतो. दैवशालानं वाकून बघितलं होतं: एका टोकाला जांभळं, दुसऱ्या टोकाकडं जाता जाता फिकं, फिकं, आणि शेवटी पिवळं. माझ्या पळसानं मारल्या? हो आत्या! पोर केवढी हसली होती. बसमध्ये परत येताना दैवशालाला सारखं वाटत होतं की शेजारच्या बाईला सांगावं — बाई, माझ्याकडं एक झाड आहे... सांगितलं नव्हतं. मी नव्हतं सांगितलं.

‘तुला थाळी दावली व्हती बघ,’ पोर आता तेच बोलत होती, जणू तिला डोक्यातलं दिसलं. ‘ते समदं गेलं, आत्या.’

‘गेलं म्हंजी?’

‘मॅडम म्हणल्या, एकदा रिकामे खळगे लावून बघ. पेशीच न्हाईत, नुसतं पाणी, तुझा पदार्थ आन् तो रंग. लावलं. तर तिथं बी जांभळं आलं.’ ती हसली, पण ते हसू वाकडं होतं. ‘कुणी जितं नसताना. ह्यो पदार्थच त्या रंगाला पलटवतो. त्याला जे इचारावं त्याला तो हो म्हणतो. सूज मारतो का? हो. साखर उतरवतो का? हो. जगभर लोकांनी त्याला इचारलंय, आन् काचेत तो सगळ्याला हो म्हणतो. माणसाच्या पोटात गेला की त्याचं काय उरतं, ते कुणालाच नीट ठाव न्हाई. म्या ज्याला जितं समजले ते किती जितं, मेलं समजले ते किती मेलं... पुन्ना पहिल्यापून. दुसऱ्या तऱ्हेनं मोजायचं. फसवलं गं त्यानं मला.’

फसवलं. दैवशालानं शेंग फोडली. हिला पावडरीनं फसवलं, मला हिनं. आणि ही मलाच येऊन सांगते, त्याच पहिलीतल्या तोंडानं. तिला हसू आलं असतं, पण आतलं कुठलंसं दार बंद होतं आणि हसू त्याच्यापलीकडं राहिलं. रिकाम्या खळग्यात जांभळं... पंचवीस वर्षं ती कुंकू लावत होती. तिकडं जाफराबादला नवऱ्यानं दुसरं घर मांडलेलं सगळ्यांना माहीत होतं, तिलाही. तरी सकाळी आरशासमोर बोट उठायचं आणि कपाळावर टेकायचं. बघणाऱ्याला वाटावं, आहे, काहीतरी जितं आहे.

‘आन् पिवळ्यात,’ तिनं विचारलं, कारण विचारल्याशिवाय राहवेना, ‘केशरीपरास काय येगळं घावलं?’

पोरीनं हातातली शेंग खाली ठेवली. विचारायला नको होतं.

‘लई न्हाई, आत्या. आमच्या नमुन्यात तरी न्हाई. तेच हाय. कमीजास्त, पण तेच. ती मुळीबिळी तर समदी थाप.’

तेच आहे. बापानं दिलेलं, पदराखाली सांभाळलेलं, वांझ म्हणवून घेऊन राखलेलं — तेच आहे, जे बांधावर सगळीकडं उघडं फुलतं आणि पोरंसोरं तुडवतात. दैवशालाला वाटलं आता राग येईल, मोठा येईल. आला नाही. तिनं टरफलं पदरात गोळा केली.

जेवण झालं. कल्याणनं रसवंतीचं पुन्हा काढलं, शीतलनं गोठ्याचं दार पुन्हा काढलं, पोरांनी भेळ सांडली, प्रियदर्शनी हसली, दैवशालानंही एक घास हसून गिळला. कोणता पळस ते कल्याणनं बहिणीला खोदून खोदून विचारलं, आणि ती आत्याकडं बघत राहिली. ‘आठवत न्हाई दादा. फुलल्यावर कळंल,’ म्हणाली. दैवशाला उष्टी ताटं उचलत होती. आता झाकते. आता! नकाशा देऊन झाल्यावर. तरी ताटं मोरीत ठेवताना हात जरा हळू पडले.

ऊन उतरायला लागलं तशी तिनं भिंतीची आकडी काढली. प्रियदर्शनी मागं ओढ्याच्या वाटेपर्यंत आली.

‘झाकायला चाललीस?’

‘दर साली जाती.’

‘या साली नको झाकू, आत्या.’ तिनं आकडीच्या टोकाला हात लावला, धरली नाही, नुसता लावला. ‘मॅडम वनखात्याशी बोलल्यात. ते येतेत बघायला, जाळी मारतेत, नोंद करतेत. पर त्यांना फुललेला दिसला पाह्यजे. बिनफुलाच्या झाडाला कोण जाळी मारल?’

‘फुलला की कापतील.’

‘फुलला की राखतील.’

‘तू सांगती?’

पोरीनं हात काढून घेतला. ‘न्हाई,’ ती म्हणाली. ‘म्या न्हाई सांगू शकत.’

एवढ्याला मात्र तिनं हो म्हटलं नाही. दैवशाला वळली आणि चालायला लागली, आणि पाठीला कळत होतं की पोर मागून येत नाहीये, तिथंच उभी आहे.

बनात एक मोटारसायकल होती. तरुण नवरा-बायको, बहुतेक भोकरदनकडचे. ती एका केशरी पळसाला टेकून उभी, तो फोन तिरपा धरून. दैवशालाला बघून तो पुढं आला. ‘मावशी, पिवळा पळस कंचा हो? नकाशात तर हितंच दावून राह्यला.’

उत्तर तयार होतं. चाळीस वर्षांपासून तयार होतं: न्हाई बा, असलं काही न्हाई हितं. तोंड उघडलं, आणि त्यातून आलं ते दुसरंच. ‘आजून फुलला न्हाई,’ ती म्हणाली. ‘फुलल्यावर दिसंल.’

‘कवा फुलल?’

‘झाडाला इचारा.’

बायको खुदकन हसली. ते गेले. धूळ बसेपर्यंत दैवशाला तशीच उभी, आपणच काय बोललो ते ऐकत.

वांझ पळस कळ्यांनी लगडला होता. काळपट, मखमली, मांजराच्या मिटल्या पंजासारख्या कळ्या, बुडापासून शेंड्यापर्यंत, एकावर एक. तिनं आकडी टाकली, फांदी खाली ओढली, डावा हात बुडाशी नेला. हात ओळखीचा होता. डोळे मिटून करील. नुसती मूठ आवळायची आणि ओढायची. एक कळी तिनं नखानं उकलली — आत ते होतं, पिवळं, घडी घातलेलं, ओलं. तेच आहे, आत्या. कमीजास्त, पण तेच.

इतकी वर्षं तिनं ते असंच बघितलं होतं, नखाएवढं, उकलून, मोडताना. अख्खं कधी नाही. आबांनी तरी बघितलं होतं का? ते कसं दिसत असेल, ही सगळी काळी मिटलेली बोटं एकदम उघडली तर — केशरीच्या रानात मधोमध एक पिवळं — वरून मैना येतील, मधमाश्या येतील, बांधावरून जाणारं माणूस थांबेल आणि म्हणेल... आणि एकदम, सुतकाच्या घरात भूक लागावी तशी निलाजरी, पोटाच्या तळातून ती इच्छा वर आली. बघायचं आहे. जगलं नाही तरी चालेल, कापलं तरी — एकदा बघायचं आहे मला.

ती घाबरली. मूठ सैल पडली. पोरीला कुणीतरी विचारलं होतं तरी, आणि ती हो म्हणाली. इथं विचारायलासुद्धा कुणी नव्हतं. ओढा, रेती, तीन झाडांचे शेणानं बांधलेले बुंधे. मग हो कोण म्हणतंय? आबा, हे मी नाही म्हणत... तिनं मूठ पुन्हा आवळली, कळ्या तळहाताला रुतल्या, आणि ओढायचं ते ओढलं जाईना. मनगटात कुठंतरी पहिलीतली पोर बसली होती आणि चुन्यात बोट बुडवून म्हणत होती, थांब, आता वर येईल.

लांब वाटेवर ती अजून उभी असेल. तिला हाक मारावी की शिवी द्यावी हे दैवशालाला कळेना, आणि दोन्हींसाठी तोंडात तेच तिचं नाव आलं. फांदी वर ओढ घेत होती. सूर्य ओढ्यापलीकडं उतरला तशी सगळी झाडं एका रंगाची व्हायला लागली, केशरी कोणतं आणि वांझ कोणतं ते लांबून कळेना — फक्त तिला कळत होतं, आणि ते कळणं आज पहिल्यांदा तिला जड झालं, कुणी येऊन जरा धरावं इतकं.